मदत हवी आहे: आडत, डाळ मिल, ट्रॅक्टर एजन्सी, मंगल कार्यालय… याला 'काँग्लोमरेट' म्हणता येईल का?

नमस्कार मंडळी,

मी लातूरला एका मालकांकडे हिशोबाचं काम बघतो. मार्केट यार्डात आडत, एमआयडीसीत डाळ मिल, मिलच्या चुनीपासून (डाळ करताना उरणारा चुरा) पशुखाद्य, शिवाय ट्रॅक्टरची एजन्सी, मंगल कार्यालय आणि ट्रस्टची इंग्रजी शाळा. सीसी लिमिट (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँकेची कर्जमर्यादा) वाढवायचीय म्हणून बँकेला कंपनी प्रोफाइल द्यायचंय. मालकांचा मुलगा पुण्याहून एमबीए करून आलाय. त्यानं पहिल्याच ओळीत 'मराठवाड्यातील अग्रगण्य काँग्लोमरेट' असं टाकलंय. मला ते जरा जडच वाटतंय. हा शब्द नेमका कुणासाठी वापरतात? होल्डिंग कंपनी म्हणजेच हे का? कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
एकमेकांशी संबंध नसलेले धंदे, बहुधा वेगवेगळ्या कंपन्यांत, पण ताबा एकाकडे, याला काँग्लोमरेट म्हणतात. टाटांचं बघा: मीठ, पोलाद, सॉफ्टवेअर, हॉटेलं आणि वर टाटा सन्स. यातली टाटा सन्स ही होल्डिंग कंपनी, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांवर ताबा असलेली कंपनी. होल्डिंग ही कायद्यातली संज्ञा आहे, 2013 च्या कंपनी कायद्यात तिची व्याख्या सापडेल. काँग्लोमरेटची तिथं व्याख्या नाही, ते नुसतं वर्णन.

तुमची आडत, मिल आणि पशुखाद्य ही तर एकच साखळी झाली. तूर आली, डाळ झाली, चुनी जनावरांना गेली. वेगळे धंदे म्हणाल तर ट्रॅक्टर आणि कार्यालय. शाळा ट्रस्टची आहे, ती मालकांच्या धंद्यात मोजूच नका.

प्रतिसाद २ (संभाजीनगरहून)
बँकेत कर्ज विभागात होतो म्हणून सांगतो. हा शब्द वाचून कुणी लिमिट वाढवत नाही, उलट सगळ्या फर्मचे ताळेबंद मागतात. एका फर्मचा पैसा दुसरीकडे फिरतोय का, हे आधी बघतात. आपल्याकडचा व्हिडिओकॉन समूह आठवा. टीव्ही-फ्रीज, तेल-वायू, डीटीएच, मोबाइल सेवा, सगळं होतं. 2018 ला प्रकरण दिवाळखोरीत गेलं आणि पुढे समूहातल्या 13 कंपन्यांची प्रकरणं एकत्र करावी लागली, इतकी कर्जं एकमेकांत गुंतलेली.

शेअर बाजारातही हा शब्द दरवेळी कौतुकानं येत नाही. 'काँग्लोमरेट डिस्काउंट' म्हणजे धंदे सुटे मोजले तर जी किंमत येईल, त्यापेक्षा एकत्र कंपनीला बाजार कमी भाव देतो. आयटीसीनं 2025 मध्ये हॉटेलं वेगळी काढली, त्याआधी कितीतरी वर्षं हीच चर्चा चालायची.

सरळ 'उद्योगसमूह' लिहा. 'अग्रगण्य' पण काढा, त्याऐवजी मिलची रोजची क्षमता टाका.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. मुलाला प्रतिसाद दाखवला, 'उद्योगसमूह'वर तयार झाला बाबा एकदाचा! आता एकच अडचण. ट्रॅक्टर एजन्सी मालकीणबाईंच्या नावावर, प्रोप्रायटरी (एकट्याच्या मालकीची) आहे. ती समूहात दाखवायची का?

प्रतिसाद २
दाखवा, पण वेगळ्या ओळीत आणि मालकी कुणाची ते स्पष्ट लिहून. सिबिल (कर्जफेडीचा अहवाल) काढल्यावर बँकेला तसंही कळणार आहे. मिलचे पैसे एजन्सीला उसने दिले असतील तर त्या खात्याचा उतारा आधीच जोडून ठेवा, पहिला प्रश्न त्यावरच येईल.