सोसायटी ग्रुप: ‘घरची माहिती कशात ठेवता?’

बी-२०४ काकू: नमस्कार. डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. ह्या उन्हात फ्रिज बंद पडलाय आणि वॉरंटी आहे का संपली ते सकाळपास्नं शोधतेय. ह्यांच्या कॉम्प्युटरवर ‘घर फायनल’, ‘घर फायनल नवीन’, ‘घर फायनल नवीन खरं’ अशा तीन एक्सेल फायली, तिन्हीत वॉरंटी संपायची तारीख वेगळी. पॉलिसी, एफडी, गॅस, लाइट बिल, कुणाला पुस्तकं दिली, सगळं एका जागी ठेवायला साधंसं काही आहे का? कॉम्प्युटरवरच पाहिजे, मोबाइलवर नको, इंटरनेटवर तर नकोच.

सी-१०१ मास्तर: २०० पानी वही.

ए-३०३: काकू एक्सेलच ठेवा की, फाइल एकच करा म्हणजे झालं

बी-२०४ काकू: एक्सेलचं नाव काढू नका. सोसायटीच्या एक्सेलनं मार्चमध्ये मला थकबाकीदार केलं होतं. जिन्यात बोर्डावर नाव होतं आठ दिवस.

सेक्रेटरी: मॅडम, त्याबद्दल तेव्हाच दिलगिरी व्यक्त केली आहे. नावांचा कॉलम तेवढा सॉर्ट झाला, रकमा जागेवर राहिल्या. कृपया जुने विषय काढू नयेत.

ए-१०२: लग्नातल्या चपला झाल्या म्हणजे, ज्याच्या पायात जी बसंल ती 😂

डी-४०१: काकू एक्सेल आणि डेटाबेसमध्ये तोच तर फरक आहे. डेटाबेस म्हणजे नोंदी साठवायची सोय, त्यात एक नोंद म्हणजे आख्खी ओळ, नावावर लावा नाहीतर तारखेवर, ओळ मोडत नाही. शिवाय कॉलमला नंबर का अक्षरं ते आधीच सांगून ठेवायचं. एक्सेल आपल्या ०२१७ एसटीडी कोडमधला पहिला शून्य खातं आणि लाइट बिलाचा १२ आकडी ग्राहक नंबर ‘ई प्लस ११’ करून दाखवतं

ए-३०३: सेल टेक्स्ट केला की होतं ते. लोकांना वापरता येत नाही आणि नाव एक्सेलचं.

सेक्रेटरी: हे मला उद्देशून आहे का?

ए-३०३: नाही नाही साहेब, जनरल बोललो 🙏

सी-१०१ मास्तर: परत टाकतोय. २०० पानी वही. शून्य खात नाही.

बी-२०४ काकू: डी-४०१, बाळा, नाव सांग नुसतं.

डी-४०१: दोन आहेत, दोन्ही फुकट. लिब्रेऑफिसमधलं बेस, त्यात फॉर्म बनवता येतो, म्हणजे पोस्टातल्या फॉर्मसारखं एकेक रकाना भरायचं. पण जावा नावाचं आणखी एक सॉफ्टवेअर मागतं कधीकधी आणि जुन्या मशीनवर रखडतं. दुसरं डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट, एसक्यूलाइट म्हणजे छोटासा डेटाबेस. हलकं आहे, सगळं एका फाइलीत, पेनड्राइव्हवर कॉपी केली की बॅकअप झाला. फक्त भरून झाल्यावर ‘राइट चेंजेस’ दाबायचं, नाहीतर गेलं. अँड्रॉइडवर आपलं हे व्हॉट्सअॅपसुद्धा मेसेज एसक्यूलाइटमध्येच ठेवतं

ए-१०२: म्हणजे मास्तरांची वही पण डेटाबेसमध्ये गेली 😂😂

ए-२०१ अण्णा: आमच्या वेळी डेटाबेसला फॉक्सप्रो होतं. चादरीच्या कारखान्याचा सगळा स्टॉक डीबीएफ फाइलीत, काळा स्क्रीन, माउस नाही काही नाही. तुमचं हे नवीन काय करलालंय बे?

डी-४०१: अण्णा तीच गोष्ट आहे. तुमच्या डीबीएफ फायली बेसमध्ये अजून उघडतात

ए-२०१ अण्णा: खरं का? फ्लॉपीत आहेत पण.

ए-३०३: मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस, अॅक्सेस, का सांगत नाही कोणी? चांगलं आहे.

डी-४०१: चांगलंय, पण विकतचं. एकदाच पैसे भरून घेतात त्या ऑफिसच्या होम पॅकमध्ये येत नाही आणि काकूंच्या मुलाच्या मॅकवर चालणार नाही

सी-३०२ वहिनी: मध्येच विचारते, आज टँकर आला का? पाच दिवस झाले नळाला पाणी नाही. बी विंगला सकाळी मिळालं म्हणे.

बी-१०३: बी विंगला काही मिळालं नाही. कोण सांगतं हे?

सी-३०२ वहिनी: कुंड्या ओल्या दिसल्या.

सेक्रेटरी: टँकरची नोंद वॉचमनकडे रजिस्टरमध्ये आहे.

सी-१०१ मास्तर: रजिस्टर म्हणजे वहीच. परत टाकतोय, २०० पानी.

डी-४०१: काकू, जुनी माहिती डेटाबेसात न्यायला एक्सेलमधनं सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा, साधं सीएसव्ही केलं तर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. आणि तारीख वर्ष, महिना, दिवस अशीच लिहा. त्या तीन तारखा कुठल्या सांगा बरं

बी-२०४ काकू: एकीत ५ ऑगस्ट, एकीत ८ मे, तिसरीत कॉम्प्रेसरची म्हणून पुढच्या सालातली.

डी-४०१: ५/८ लिहिलं असणार काकांनी. एका कॉम्प्युटरवर सेटिंग अमेरिकन असेल, महिना आधी. म्हणून झालं ८ मे

बी-२०४ काकू: थांब. बिल शोधते.

ए-१०२: काकूंचं बिल कुठल्या डेटाबेसात आहे 😜

बी-२०४ काकू: बिस्किटाच्या डब्यात. ५ ऑगस्टच आहे. मे चालू आहे म्हणजे अजून वॉरंटीत!! आणि आमचे हे ८ मे बघून ‘संपली, संपली’ म्हणत मेकॅनिकला पैसे द्यायला निघाले होते.

सी-१०१ मास्तर: डबा आणि वही.

बी-२०४ काकू: मास्तर, तुमचं ऐकलं. आता कंपनीला फोन लावला, माणूस चारला येतोय. डी-४०१, तू पाचला ये, ते ब्राउझर का काय ते टाकून दे, शेंगाचटणी केलीय. सेक्रेटरी, लिफ्ट चालू ठेवा, फ्रिज खाली न्यावा लागला तर.

सेक्रेटरी: लिफ्ट सोमवारपर्यंत बंद आहे. बोर्डावर लावलं होतं.

बी-२०४ काकू: त्या बोर्डाकडं मी मार्चपासनं बघत नाही.