444 वाघ झाले. आता पुरे का?

धानकरी
2006 च्या गणनेत अख्ख्या देशात 1,411 वाघ उरले होते. 2022 चा सरासरी अंदाज 3,682, त्यातले 444 महाराष्ट्रात. वाटा पेढे! आमच्या ब्रह्मपुरीकडं मात्र धान कापायला एकटी बाई जात नाही. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात विडीचा तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. माझं म्हणणं सरळ आहे, चंद्रपूर जिल्ह्यातले वाघ उचला आणि दुसरीकडं न्या.

रानवाटा
उचला म्हणजे काय, बटाट्याचं पोतं आहे का? 2024 मध्ये ताडोब्यातली झीनत वाघीण ओडिशातल्या सिमिलीपालला नेली. बाईसाहेब तिथून निघाल्या त्या झारखंड करत बंगालात बांकुड्यापर्यंत. शेवटी बेशुद्ध करून परत आणावी लागली. आणि इथं रिकामी झालेली हद्द कुणीतरी तरणा नर येऊन बळकावणारच.

धानकरी
मग मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्रप्रकल्पाचं काय? 2009 मध्ये तिथं एक वाघ उरला नव्हता, बाहेरून आणूनच जंगल पुन्हा भरलं ना? तिथं जमतं आणि आमच्याकडचे न्या म्हटलं की लगेच अडचणी.

रानवाटा
पन्नाचं रान मोकळं होतं. सह्याद्रीतही जागा आहे, तिकडं न्यायला माझी ना नाही. पण मोजके वाघ नेऊन तुमचं भागेल? ब्रह्मपुरीचे कितीतरी वाघ व्याघ्रप्रकल्पाच्या बाहेरचे. तिथं बांध संपला की जंगल सुरू. सरपण, मोहफुलं सगळं त्यातूनच आणायचं. आधी लोकांचं जंगलात जाणं कमी करा, घरोघरी गॅस द्या.

गुराख्याचा_पोर
सिलिंडर आहे घरात. तो भरायचे पैसे तेंदूपत्त्यातूनच येतात, दादा.
वाघानं माणूस मारला तर 25 लाख मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण तेंदूचा हंगाम थोड्या दिवसांचा, त्यात पोरांची वह्या-पुस्तकं निघतात. बाई जाणारच. जिप्सीतल्या पाहुण्याला वाघ दिसला की तो फोटो काढतो, आम्ही आधी शेळ्या मोजतो. तरी वाघ नको असं मी म्हणणार नाही. ताडोबा हा देव कोण? वाघाशी झुंजताना मेलेला तारू, गावचा प्रमुख. माणूस मेला तरी लोकांनी जंगल जाळलं नाही, तळ्याकाठी देऊळ बांधलं.

रानवाटा
हे मात्र पटलं. गॅसचं मी घाईत बोललो.

धानकरी
तारूला देऊळ मिळालं, छान. उद्या माझी कापणी आहे. सहा मजूर सांगितलेत, त्यातले दोघं नुसते काठी घेऊन बांधावर उभे राहणार. त्यांची मजुरी माझ्याच खिशातून. ती कुठल्या गणनेत धरतात तेवढं सांगा.