कुठल्या महिन्याचं उत्पन्न?

एमएसडब्ल्यूचा, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचा, प्रबंध आणि फील्डवर्क यांचा एकमेकांशी संबंध नसतो, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही.

माझं फील्डवर्क हर्णै बंदरात, मासे विकणाऱ्या बायकांच्या बचत गटात होतं. प्रबंधाची प्रश्नावली घेऊन गेले आणि विचारलं, "मासिक उत्पन्न किती?" टोपलीतले बांगडे निवडता निवडता एक मावशी म्हणाल्या, "बाय, कुठल्या महिन्याचं सांगू?"

प्रश्नच चुकला होता. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. वर्षाची सरासरी काढली की ते ६१ दिवस त्यात दिसेनासे होतात. मग आम्ही गटाच्या बैठकीत जमिनीवर खडूने बारा महिन्यांच्या चौकटी आखल्या. मिळकतीला शिंपले, उसनवारीला खडे. जूनच्या चौकटीत खडे मावेनात! गटाने तिथेच ठरवलं, पावसाळ्यात हप्ता कमी घ्यायचा. तोच तक्ता माझ्या प्रबंधात गेला.

मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ साली कृतिसंशोधन मांडलं ते असंच: योजना, कृती, परिणाम तपासणं आणि पुन्हा योजना.

एक मात्र सांभाळा. मुलाखतीला नाही म्हटलं तरी गटातल्या मदतीवर परिणाम होणार नाही, हे आधी स्पष्ट सांगा. आपण ताई म्हणून रोज जातो, त्यामुळे बायकांना नकार द्यायला जड जातं. आणि फील्ड डायरी त्याच रात्री लिहा, त्यांच्याच शब्दांत.