सणाच्या दिवशी कॅलरी मोजायच्या का? माझं मत: नाही. मोजायचे ते नंतरचे दिवस

रविवारची_सकाळ (धागा काढणारी):

सण आणि सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या घरच्या ग्रुपवर दोनच प्रकारचे मेसेज येतात. एक, "यंदा गोड बंद, सगळ्यांनी मनावर घ्या", आणि दुसरा, "वर्षातून एकदा येतो सण, खा की मुकाट्याने". मी दोन्ही करून बघितलंय म्हणून लिहितेय.

तीन वर्षांपूर्वी मी ठरवलं की सणाला गोडाला हात लावायचा नाही म्हणजे नाही. सगळे एकत्र जेवायला बसलेले आणि माझ्या ताटात नुसतं सॅलड. आत्या पहाटेपासून स्वयंपाकाला लागली होती, ती भांडं घेऊन माझ्यापर्यंत आली, मी मान हलवली, तशी ती काही न बोलता पुढे गेली. तिचा तो चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. आणि एवढं करून रात्री साडेअकराला मी फ्रीजचं दार उघडं धरून, उभ्याउभ्या, डब्यातले चार-पाच तुकडे खाल्ले, चव कशी होती तेही कळलं नाही. म्हणजे माणसांबरोबर खाल्लं नाही आणि एकटीने अंधारात खाल्लं. त्याचं फार वाईट वाटलं मला.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे माझ्या एकटीचं नाही. हर्मन आणि मॅक या दोघांचा १९७५ चा प्रयोग आहे, कायम डाएटवर असणाऱ्यांना आधी मिल्कशेक प्यायला दिलं आणि मग आइस्क्रीम ठेवलं, तर त्यांनी कमी खायच्या ऐवजी जास्तच खाल्लं. आता मोडलंच आहे तर मोडू दे, असं होतं ते.

दुसरं, एका जेवणाने किती बिघडतं तेही बघा. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, एवढं जास्तीचं एका बैठकीत कोणाच्याही पोटात जात नाही. दुसऱ्या दिवशी काटा दीड-दोन किलो पुढे दिसतो त्यात बहुतेक पाणीच असतं, मीठ जास्त झालेलं असतं आणि शरीर साखर साठवतं तेव्हा प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पण २००० साली अमेरिकेत १९५ जणांचा अभ्यास छापून आला, त्यात सुट्ट्यांच्या साधारण सहा आठवड्यांत सरासरी वाढ फक्त ०.३७ किलो निघाली (लोकांना स्वतःला वाटत होतं त्याच्यापेक्षा कितीतरी कमी), तरी ती वाढलेली पुढे उतरली नाही. माझा मुद्दा तिथेच आहे. सण एक दिवसाचा आणि खाणं तीन आठवड्यांचं, आधी आठ दिवस चव बघायची आणि नंतर दहा दिवस डबे संपवायचे. म्हणून माझं म्हणणं, त्या दिवशी सगळ्यांबरोबर बसून आवडेल ते खा, काही मोजू नका, पण दुसऱ्या दिवशी सकाळपासून रोजचं जेवण आणि उरलेलं घराबाहेर. पटतंय का?

साखर_तपासणारा:

नाही पटत. राग मानू नका, पण "त्या दिवशी काही मोजू नका" हे वाक्य मी गेली ११ वर्षं ऐकतोय, टाइप टू डायबिटीस आहे मला. एक दिवस, एक दिवस म्हणता म्हणता महिन्यात एक सण, दोन लग्नं, पुतणीचा वाढदिवस, ऑफिसात कोणाचा तरी निरोप समारंभ. प्रत्येकाला आपला दिवस वर्षातला एकुलता एक वाटतो, माझ्याकडे ते सगळे जमा होतात. गेल्या सणाला जेवणानंतर दोन तासांनी २६४ आली साखर, आणि मी ती बाजूच्या खोलीत जाऊन बघितली कारण सगळ्यांसमोर बोटाला टोचलं की "आजच्या दिवशी तरी राहू दे रे" सुरू होतं. एक काका तर म्हणाले, इन्शुलिन थोडं वाढवून घे. कोणी अधिकार दिला यांना?

आणि जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा सल्ला धरला तर वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत हवी, २००० कॅलरी खाणाऱ्याला ५० ग्रॅम, आणि जमलं तर २५. हे निरोगी माणसाचं. सणाच्या ताटात गोडाच्या दोन वाढण्या झाल्या की विषय संपला.

तुम्ही दिलेल्या अभ्यासातली सरासरीही फसवी आहे. त्यातच आहे की थोडी माणसं सव्वादोन किलोच्या वर वाढली, आणि ज्यांचं वजन आधीच जास्त होतं त्यांच्यात हे होण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे ज्याला परवडत नाही त्याच्याच वाट्याला येतं.

रविवारची_सकाळ:

@साखर_तपासणारा, तुम्ही बाजूच्या खोलीत जाऊन साखर बघितलीत हे वाचून खरंच कसंतरी झालं. तुमच्यासाठी माझा नियम नाही, ते मी आधीच लिहायला हवं होतं, चूक माझी. पण ज्याला असा आजार नाही त्यानेही सणाच्या ताटापुढे आकडेमोड करत बसावं, हे मला अजूनही पटत नाही.

चुलीपाशी_तीस_वर्षं:

मी करणारी आहे, खाणाऱ्यांचं सगळे बोलतात म्हणून करणारीचंही ऐका. हल्ली प्रत्येकजण विचारतो, याचं हेल्दी काही करता येईल का काकू. करून बघितलं सगळं. साखर चौथा भाग कमी केली, कोणाच्या लक्षातही आलं नाही. निम्मी केली तर पदार्थच बिघडला, कारण साखरेचं काम नुसतं गोडीचं नाही, ती ओलावा धरते, रंग आणते. मध घालून बघितला, तर तोही साखरेतच धरतात हे नंतर कळलं, आणि गंमत म्हणजे मधातलं आहे म्हटलं की लोक दुप्पट खातात! त्यापेक्षा मी आता पदार्थ जसा व्हायला हवा तसाच करते, साखर तेवढी चौथा भाग कमी, आणि तुकडे निम्म्या आकाराचे पाडते. एक घ्यायचा त्याला एक मिळतो, दोन घेणाऱ्याचं मन भरतं.

आणि आग्रहाचं म्हणाल तर तो मीच करत होते. वाढायचं म्हणजे नाही म्हटलं तरी एकदा तरी वाढायचंच, असं आमच्या मनावर बिंबलेलं. चार वर्षांपूर्वी सुनेने ताटावर हात आडवा धरला आणि मी तरीही डाव उपडा केला. तिच्या बोटांवरून रस ओघळला. ती काही बोलली नाही, उठून हात धुवून आली आणि परत बसली. तेव्हापासून मी एकदाच विचारते, नको म्हटलं की पुढे. तरी धागा काढणाऱ्या ताईंना सांगते, तुम्ही मान हलवलीत तेव्हा आत्याला वाईट वाटलं असणार, चमचाभर घेतलं असतं तर तिचा दिवस गोड झाला असता.

पहाटे_पळणारा:

चमचाभर घ्या, हे ज्याला चमचाभरावर थांबता येतं त्याला सांगा. मला नाही येत. मी १८ किलो कमी केलेत, त्याआधी दोन वेळा सगळं परत आलं आणि दोन्ही वेळा सुरुवात कुठल्या ना कुठल्या घरगुती समारंभाने झाली. अजिबात न खाणं मला सोपं जातं, थोडं खाणं अवघड. आत्याचा चेहरा मलाही दिसतो हो, पण गुडघे माझे आहेत.

एकत्र जेवताना माणूस जास्त खातो हे तर मोजलेलंच आहे, डी कॅस्ट्रो नावाच्या संशोधकांनी १९८९ मध्ये लोकांच्या जेवणाच्या नोंदी बघितल्या, तर चारचौघांत घेतलेलं जेवण सरासरी ४४ टक्के मोठं. त्यात सणाला पदार्थ दहा. एका चवीला कंटाळून पोट बस म्हणतं आणि दुसरी चव समोर आली की परत जागा होते, यावर बार्बरा रोल्स यांचं काम १९८१ पासूनचं आहे. एवढं सगळं विरुद्ध असताना "काही मोजू नका" हा सल्ला मला धोक्याचा वाटतो.

आणि मोजल्याने उपयोग होतो. २०१८ मध्ये ब्रिटनच्या बर्मिंगहॅममधला प्रयोग छापून आला, २७२ जण होते, एका गटाने नाताळच्या सुट्ट्यांत नियमाने वजन केलं, काही सवयी पाळल्या आणि कुठला पदार्थ जिरवायला किती हालचाल लागते त्याचा तक्ता जवळ ठेवला. त्यांचं वजन सरासरी ०.१३ किलो घटलं, दुसऱ्या गटाचं ०.३७ वाढलं. फरक छोटा आहे, पण दरवर्षीचा धरून बघा.

लेकीची_आई:

हे वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. तुमचा तो प्रयोग मोठ्या माणसांवरचा आहे, आणि घरात एकटी मोठी माणसं नसतात. आमच्याकडे समारंभाला जमलेल्या एका नातेवाइकाने माझ्या १५ वर्षांच्या मुलीला सगळ्यांसमोर म्हटलं, "चांगली भरलीयेस की गं". त्यांच्या दृष्टीने ते कौतुक होतं. तिने त्या दिवशी ताट तसंच ठेवलं, नंतर महिनाभर आम्हाला वाटलं की परीक्षेचं टेन्शन असेल. ती रोज चार वेळा वजनकाट्यावर उभी राहत होती, पहाटे सुद्धा, काट्याचा बारीक बीप ऐकू यायचा आणि मी ते मनावर घेतलं नाही. पुढचं सगळं लिहीत नाही, दीड वर्ष डॉक्टर आणि समुपदेशन चाललं, आता बरी आहे.

म्हणून जेवायच्या जागी कॅलरी, वजन, "हे जिरवायला किती पळावं लागेल" यातलं काहीही बोलायचं नाही असं माझं मत आहे. मुलांपुढे बंदी घातलेली गोष्ट त्यांना जास्तच हवीशी होते हेही फिशर आणि बर्च यांनी १९९९ मध्ये लहान मुलांवर दाखवलंय. काय आणि किती रांधायचं ते आधी ठरवा, टेबलावर आलं की गप्पा दुसऱ्या करा.

पहाटे_पळणारा:

तुमच्या मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं, बरी आहे हे महत्त्वाचं. मीही ताटावर बसून आकडे बोलतो, बहिणीची मुलं शेजारी असतात, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ते बंद करतो. पण माझं वजन मी माझ्या खोलीत दर आठवड्याला करणार, ते सोडलं की काय होतं ते मी दोनदा भोगलंय.

मधली_सून:

सगळे खाणाऱ्याच्या शरीराबद्दल बोलताय, त्या "हेल्दी"चं काम कोणाच्या अंगावर पडतं ते बोला ना. आमच्याकडे मागच्या वर्षी ठरलं की नेहमीचं तर हवंच, शिवाय कमी तेलाचं वेगळं, बिनसाखरेचं वेगळं, दोन सॅलड. ठरवलं सगळ्यांनी आणि ओट्याशी आम्ही तिघी, जेवायला बसलो तेव्हा साडेतीन वाजले होते. दोन मेनू करायचे असतील तर दुसरा ज्याला हवा त्याने चिरायचं-निवडायचं तरी करावं. मला विचाराल तर पदार्थच कमी करा, दहाचे पाच, वर पळणारे दादा म्हणाले ते चवींचं पण आपोआप सुटेल.

साखर_तपासणारा:

@मधली_सून, शंभर टक्के. माझं सॅलड मी चिरतो, यापुढे सगळ्यांचं चिरेन.

एक गोष्ट सांगायची राहिली, रात्री जेवण आहे म्हणून दिवसभर उपाशी राहायचं असं बरेच जण करतात. इन्शुलिन किंवा काही गोळ्या चालू असतील तर त्याने साखर एकदम खाली जाऊ शकते, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. मला उपयोग झाला तो दोन गोष्टींचा. आधी भाज्या, कडधान्यं, मग बाकीचं. यावर २०१५ चा एक अभ्यास आहे, त्यात माणसं फक्त ११ होती, त्यामुळे फार बोलत नाही, पण माझ्या मीटरवर फरक दिसतो. आणि जेवणानंतर १५ मिनिटं चालणं, हे २०१३ मध्ये साठीच्या वरच्या लोकांत करून बघितलं होतं, जेवणानंतरची साखर आटोक्यात राहिली. मागच्या खेपेला मी बूट घालायला लागलो तर नेहमीचं "आता कुठे निघालास" सुरू होणार तेवढ्यात माझी पुतणी स्वतःचे बूट घेऊन आली, म्हणाली काका चल. त्या दिवशी पहिल्यांदा मला समारंभात एकटं वाटलं नाही. मोजायचं नाही हे मला पटलेलं नाहीच, पण कोणी सोबत चाललं तर मोजण्याचं ओझं कमी होतं हे खरं.

रविवारची_सकाळ:

माझं मत थोडं बदलतेय. "काही मोजू नका" हे सगळ्यांना सरसकट लागू नाही, ते मागे घेते. ज्याला मोजायचंय त्याने मोजावं आणि बाकीच्यांनी त्यावर एक शब्द बोलू नये, आणि ज्याने अजिबात घेतलं नाही त्यालाही नाही, अगदी आत्याला वाईट वाटलं तरी. पण डब्यांबद्दल मी ठाम आहे. माझं सगळं नुकसान त्या फ्रीजच्या दारात झालंय, ताटावर नाही.

@चुलीपाशी_तीस_वर्षं, काकू, उरलेलं तुम्ही कसं काढता घराबाहेर? आमच्याकडे कोणी नेतच नाही, "अगं आमच्याकडेच इतकं पडलंय" म्हणतात.

चुलीपाशी_तीस_वर्षं:

आधी करतानाच कमी करायचं, माणशी दोन छोटे तुकडे आणि वर पाच-सहा, बास. तरी उरतंच. मी जेवणं व्हायच्या आधीच छोटे डबे भरून झाकणावर नाव लिहून ठेवते, एकात चार तुकड्यांच्या वर नाही, आणि लोक निघायच्या बरंच आधी, गप्पा चाललेल्या असताना हातात देते. मोठा डबा पुढे केला की नको म्हणतात, आणि चपला घालून झाल्यावर दिलेलं तर कोणीच घेत नाही.