झरमॅटच्या वाटा: कुठे चाललात, कुठून परत फिरलात? (अनुभव लिहा)

मंडळी, गेल्या महिन्यात नाशिकहून पाहुणे आले होते, त्यांचं स्वित्झर्लंडमधलं झरमॅट पाच तासांत उरकलं. ट्रेनने वर, मॅटरहॉर्न शिखरासोबत फोटो, खाली, चॉकलेट, परत ट्रेन. त्यात वाईट काहीच नाही हो, वेळ नसतो माणसाला. पण या गावाभोवती चारशे किलोमीटरच्या वर चालायच्या वाटा आहेत आणि मराठीत शोधायला गेलं की फक्त फोटो पॉइंट मिळतात, म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गावात पेट्रोलच्या गाड्या येऊ देत नाहीत, खालच्या टेश गावात गाडी ठेवून १२ मिनिटं ट्रेनने यायचं. गावाची उंची सोळाशे मीटर, म्हणजे आपण कळसूबाईच्या (१,६४६ मी.) माथ्याच्या उंचीला हॉटेलात झोपतो आणि सकाळी तिथून चढायला सुरुवात! हे गणित माझ्या डोक्यात पहिल्या खेपेला शिरलंच नव्हतं. सह्याद्रीत शंभरेक किल्ले झालेत, आपल्याला काय, असं म्हणत गेलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एका दगडावर बसून राहिलो, छातीचा भाता नुसता.

तर लिहा. वाट कुठली, खरंच किती वेळ लागला, बरोबर कोण होतं. परत फिरला असाल तर ते आधी लिहा.

*

मी सुरू करते. आम्ही म्युनिकहून गेलो होतो, मुलं ६ आणि ९, बरोबर सासूबाई. पाच तळ्यांची वाट केली. सुनेगापर्यंत डोंगराच्या पोटातून जाणारी ट्रेन, तिथून ब्लाउहर्डला लिफ्ट, मग श्टेलीझे, ग्रिंडजीझे, ग्रुनझे, मोसजीझे, लायझे असं करत परत सुनेगा. साधारण दहा किलोमीटर आहे, अडीच तासांत होते म्हणतात, आम्हाला साडेपाच लागले :) कारण प्रत्येक तळ्यात दगड टाकल्याशिवाय धाकटा हलायला तयार नाही आणि प्रत्येक तळ्याकाठी डबा उघडायचा हा सासूबाईंचा नियम. थेपले दुसऱ्या तळ्यालाच संपले.

आणि पाचही तळ्यांत मॅटरहॉर्न दिसतो ही समजूत काढून टाका, त्याचं प्रतिबिंब मिळतं ते तीन तळ्यांत. मोसजीझेचं पाणी दुधात निळी शाई सांडावी तसं, त्यात कसलं प्रतिबिंब. मला स्वतःला ग्रिंडजीझे सगळ्यात आवडलं, काठाला लार्चची झाडं आहेत आणि गर्दी त्यामानाने कमी. ग्रुनझेच्या आसपास झाड कमी आणि धोंडे जास्त, तिथे भर दुपारी ऊन असं लागतं की मुलांचे कान भाजले. टोप्या घेतल्या होत्या, कानांचं लक्षातच आलं नाही. मुलं लहान असतील तर लायझे शेवटाला ठेवा, तिथे खेळायला जागा आहे, नाहीतर पुढे कोणी चालणार नाही.

*

परत फिरल्याचं आधी लिहा म्हणालात म्हणून लिहितो, नाहीतर हे मी कोणाला सांगत नाही. ब्राइटहॉर्न शिखर. ४,१६४ मीटर, चार हजार मीटरवरच्या शिखरांतलं सोपं म्हणून सगळीकडे वाचलेलं. केबल कार ३,८८३ पर्यंत नेऊन सोडते, उरली किती तर २८० मीटर, सिंहगडाच्या निम्मीसुद्धा चढण नाही! गाइड घेतला होता, बुटांना क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे लोखंडी दाते), कमरेला दोर, सगळं रीतसर. पण आम्ही आदल्या रात्री नऊला झरमॅटमध्ये पोचलेलो आणि सकाळी आठला ३,८८३ वर. बर्फाच्या त्या सपाट मैदानावर वीस मिनिटं चाललो आणि डोकं असं ठणकायला लागलं की डोळे उघडवेनात, मग उलटी. गाइडने एकदाच बघितलं आणि दोर वळवला. मी म्हणालो दहा मिनिटं थांबू, तो म्हणाला दहा मिनिटांनी उंची कमी होत नाही.

बायको मात्र ठणठणीत होती, पण एकाच दोरावर, त्यामुळे तीही परत. दोन वर्षं ऐकतोय.

*

@वरचे दादा, दोन रात्री गावात आणि मधला एक दिवस तीन हजारच्या आसपास चालण्यात घालवला असता तर वहिनींचं ऐकावं लागलं नसतं :) आम्ही तसंच केलं, दीड-दोन तासांत माथा. पण एकट्याने, दुसऱ्यांच्या पावलांवर पाय ठेवत जाणारे लोक बघितले आणि अंगावर काटा आला, ती हिमनदी आहे, वरून सपाट दिसते आणि खाली भेगा असतात. मळलेली वाट म्हणजे सुरक्षित वाट हा आपला सह्याद्रीतला हिशोब तिथे चालत नाही.

*

माझा अनुभव हॉर्नली हटचा (मॅटरहॉर्नच्या धारेच्या पायथ्याचं मुक्कामाचं घर). शिखराचा नाही, लगेच टाळ्या नकोत. मॅटरहॉर्नवर (४,४७८ मी.) जाणारे लोक आदल्या रात्री या हटवर राहतात आणि पहाटे चारच्या सुमाराला निघतात, एका गाइडबरोबर एकच माणूस. आपल्यासारख्यांनी हटपर्यंत जाऊन चहा पिऊन परत यायचं. केबल कार सोडते ते श्वार्त्झझे २,५८३, हट ३,२६०, आकडा बघितला तर एक सिंहगड. पाटीवर दोन-सव्वादोन तास. मी आणि माझा पुण्याचा मित्र, ऑगस्टचा शेवट.

आता पाट्यांचं सांगतो. इथे पाटीवर अंतर नसतं, वेळ असतो, आणि तो न थांबता चालणाऱ्या माणसाचा. फोटो, पाणी, 'थांब रे जरा' हे त्यात धरलेलं नाही. दुसरं म्हणजे रंग. नुसती पिवळी पाटी म्हणजे सरळ पायवाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, पाय बघून टाकायचा. पांढरा-निळा-पांढरा दिसला की आपला रामराम, तिथे हात लावून चढावं लागतं. हॉर्नली हटची वाट लाल पट्ट्याची.

सुरुवातीलाच कड्याला ठोकलेल्या लोखंडी जाळीवरून जायचं, खाली बघितलं की पोकळी. मित्र हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलेला, तो तिथे गप्प झाला. मग थोडी सपाटी आणि त्यानंतर नुसती वळणं, घसारा, मधेमधे बांधलेले जाड दोर. तीन हजारच्या वर पंधरा पावलं आणि एक थांबा असं चाललेलं. सव्वातीन तासांनी पोचलो. हटच्या मागेच धार सुरू होते आणि पहिल्याच टप्प्याला दोर लटकतायत, हेल्मेट घातलेली माणसं उतरत होती. एकाच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नव्हता, नुसता बाकावर बसला आणि बुटांकडे बघत राहिला. धारेवर ४,००३ मीटरला सोल्वे नावाची छोटी खोली आहे, अडकलेल्यांसाठी, ती खालून मान मोडेपर्यंत शोधली.

या सगळ्यात शेवटच्या केबल कारची वेळ गेली. चूक सर्वस्वी आमची, वेळ श्वार्त्झझेला मोठ्या अक्षरात लिहिलेली होती, मीच वाचून मित्राला सांगितली होती. मग गावापर्यंत आणखी हजारेक मीटर चालत उतरलो. पायांचं पिठलं झालं. अंधार पडायच्या आत लाकडी घरांची एक वस्ती लागली, तिथल्या दगडी कुंडातलं पाणी प्यालो, तेवढं गोड पाणी आयुष्यात प्यालो नाही.

*

हॉर्नलीवाल्यांना पूरक: व्हॅलेमध्ये (झरमॅट ज्या प्रांतात आहे तो) डोंगरात काही झालं तर १४४ फिरवायचा. १४१४ हा हेलिकॉप्टरचा नंबर बाकी स्वित्झर्लंडमध्ये चालतो, पण या भागात १४४. आणि भारतातून येताना घेतलेल्या विम्यात डोंगरातली सुटका धरली आहे का ते वाचून घ्या, आमच्या पॉलिसीत बारीक अक्षरात वगळलेली निघाली. सुदैवाने घोटाच मुरगळला होता.

*

मी ७१ वर्षांची आहे, गुडघे बदललेले आहेत, तेव्हा माझ्याकडे चढाई वगैरे काही नाही. मुलगा आणि सून वर गेले की मी गावात फिरायची. चार दिवस होतो. तरी लिहिते.

चर्चजवळ गिर्यारोहकांची दफनभूमी आहे. मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा माणसं पोचली १४ जुलै १८६५ ला. सात जण चढले, उतरताना दोर तुटला आणि चौघं गेली. त्यातला हॅडो १९ वर्षांचा, डग्लस १८ चा, डग्लसचा देह तर सापडलाच नाही. त्यांचा फ्रेंच गाइड क्रोझ याची कबर इथे आहे. म्युझियममध्ये तो तुटलेला दोर काचेत ठेवलाय, मला वाटलं होतं चांगला विहिरीच्या रहाटाचा असावा तसा असेल, तर किती बारीक! मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते. मग मुलाला फोन केला, कुठे आहेस. तो कॅफेत होता.

दुसरी जागा म्हणजे इंडरबिनेन नावाच्या गाइडच्या नावाचं कारंजं. १९०० सालचा जन्म, मॅटरहॉर्नवर ३७० च्या वर वेळा गेला, शेवटचा नव्वदाव्या वर्षी, आणि वारला २००४ ला. मुलाला म्हटलं, बघ, माझ्याकडे अजून १९ वर्षं आहेत.

जुन्या भागात लाकडी कोठारं आहेत ती नक्की बघा, खांबांवर उभी आणि मधे गोल दगडी ताटल्या, उंदीर चढू नयेत म्हणून. आमच्या माहेरच्या कोठारात या ताटल्या असत्या तर निम्मं भात वाचलं असतं. संध्याकाळी पुढून काळ्या आणि मागून पांढऱ्या शेळ्या रस्त्यातून जातात, तेही चुकवू नका.

*

काकू, तुमचं वाचून आईला पाठवलं.

माझी वाट झुलत्या पुलाची. झरमॅटमध्ये नाही, ट्रेनने दोन स्टेशनं खाली. गावाचं नाव रांडा, त्यामुळे मराठी घरात फार पंचाईत, आईला मी 'टेशच्या आधीचं स्टेशन' असं सांगितलं. तिथून जंगलातून साडेसहाशे मीटर खडी चढण, सावली आहे हे नशीब. पूल ४९४ मीटर लांब, २०१७ ला झाला. रुंदी ६५ सेंटिमीटर, समोरून माणूस आला की पोट आत. तळाला जाळी, त्यामुळे ८५ मीटर खालचं सगळं दिसतं. तिकीट नाही. मला उंचीची भीती आहे, नवऱ्याला नाही, त्यामुळे तो मधे थांबून 'बघ किती हलतोय' म्हणत होता. मी बघितलं ते फक्त त्याच्या सॅकवरच्या झिपकडे. ४९४ मीटर झिप.

पलीकडे पोचल्यावर समोर वाइसहॉर्न शिखर आणि त्याच्या बाजूच्या डोंगराला प्रचंड ओरखडा दिसतो, १९९१ मध्ये तिथला कडा दोनदा कोसळला होता, त्याचा ढीग अजून तसाच आहे. याच वाटेवर आधी एक पूल होता, २०१० चा, तो दरडींनी खराब झाला म्हणून हा नवा बांधला. हे मला पूल ओलांडल्यावर कळलं ते बरं झालं.

*

शेवटी माझं. गोर्नरग्राट (३,०८९ मी.) ते गाव, पूर्ण चालत, ट्रेनने फक्त वर. सगळ्यांना वाटतं उतार म्हणजे आराम. दीड हजार मीटर उतार म्हणजे दोन सिंहगड आणि वर चटणी, तिसऱ्या तासाला मांड्या थरथरायला लागतात, काठ्या नसतील तर करूच नका. हवंतर वाटेतल्या रिफेलबर्ग स्टेशनला ट्रेन पकडा, काही कमीपणा नाही.

वाटेत रोटनबोडन स्टेशनच्या खाली रिफेलझे, फोटोंमधलं ते प्रसिद्ध तळं. दोन वेळा दुपारी गेलो, दोन्ही वेळा पाण्यावर वारा आणि डोंगराच्या डोक्यावर ढग अडकलेला, कारण दिवस चढला की तो ढग बहुतेकदा येऊन बसतो. तिसऱ्यांदा सप्टेंबरमध्ये पहाटेची ट्रेन पकडून गेलो, बोटं गारठलेली, काठावर आम्हीच. पाणी आरसा. डोंगर उलटा, टोकाला गुलाबी ऊन. मी फोन काढेपर्यंत पुतण्याने दगड टाकला.

माझ्याकडे एकच फोटो आहे, त्यात मॅटरहॉर्नचे सात तुकडे झालेत.