ब्रॉडबँडसोबतचं ओटीटी सारखं बंद, आणि कंपनी म्हणते "ते फुकट आहे"

कृष्णाकाठ:
मार्चमध्ये फायबरचा सहा महिन्यांचा प्लॅन घेतला. महिना 999, वर 18 टक्के जीएसटी, एकरकमी 7,073 रुपये भरले. तोच स्पीड ओटीटीशिवाय 699 ला होता. वरचे तीनशे फक्त आईसाठी मोजले. तिच्या मांडीचं हाड मोडलंय, दिवसभर पलंगावर असते.

नेटची तक्रार नाही. पण आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी अ‍ॅप उघडलं की 'सक्रिय प्लॅन नाही' असं येतं. आई मला ऑफिसात फोन करते, "अगं, परत पैसे भरा म्हणतंय." ब्रॉडबँडवाले अ‍ॅपवाल्यांकडे पाठवतात, अ‍ॅपवाले म्हणतात तुम्ही आमच्याकडून घेतलंच नाही. काल कस्टमर केअरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, ओटीटी कॉम्प्लिमेंटरी आहे, त्याची तक्रार होत नाही." खरंच होत नाही का?

निवांत:
अ‍ॅपमध्ये कुठल्या नंबरने लॉगिन करता? कनेक्शनला नोंदवलेला नंबर वेगळा असला तर असंच होतं. आमच्याकडे तेच निघालं.

जुना_तक्रारदार:
ताई, तक्रार होते, आणि तुम्ही ती कराच. 699 आणि 999 मधला फरक हाच तुमचा पुरावा. ज्याचे महिना तीनशे घेतले ते फुकट कसं? पैसे घेऊन सेवा नीट दिली नाही, की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती सेवेतली त्रुटी ठरते. दोन्ही प्लॅनच्या पानांचे स्क्रीनशॉट आजच काढा, ही पानं बदलतात. बंद पडलं की तारीख-वेळेसह टीव्हीचा फोटो.

कस्टमर केअरकडून डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. ट्रायकडे, म्हणजे टेलिकॉमच्या सरकारी नियामकाकडे, धावू नका, ते एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाहीत. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. तिथेही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, ई-जागृती पोर्टलवरून, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही. टेलिकॉमचं प्रकरण आयोगात चालत नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये चालतं असं स्पष्ट सांगितलंय.

मागणी सहा महिन्यांचे 1,800 आणि त्यावरचा जीएसटी, म्हणजे 2,124. शिवाय मनस्तापाची भरपाई. पुढचं बिल मात्र थकवू नका, मग तेच उलटं तुमच्यावर येतील. माझ्या वेळी (वॉशिंग मशीन होतं) नुसती नोटीस गेल्यावर अकराव्या दिवशी फोन आला होता.

कृष्णाकाठ:
निवांत, नंबर तपासला, तोच आहे.
दादा, बिल पुन्हा काढून बघितलं. त्यात 'एंटरटेनमेंट पॅक' अशी वेगळी ओळच आहे, पुढे 300! इतके दिवस मी फक्त खालची बेरीज बघत होते. आज फोन केला तर म्हणे याला नंबर पडत नाही. सोळा मिनिटं लाइन धरून ठेवली, शेवटी दिला. आईच्या औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून घेतलाय.