जर्मनीला पाठवलेलं पार्सल पोचलं नाही, दावा कुठे आणि कसा करायचा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण श्टुटगार्टला असते, डिसेंबरअखेर बाळंत होईल. बाळासाठी आईने आजीच्या दोन इरकली लुगड्यांची गोधडी शिवली. १२ ऑगस्टला मी ती साताऱ्याहून एअर पार्सलने पाठवली. सोबत मेतकूट, आळीव, साजूक तुपाचा छोटा डबा. एकूण वजन बरोबर ६ किलो. ट्रॅकिंगवर २३ ऑगस्टला मुंबईहून परदेशी रवाना झाल्याची नोंद आहे, त्यानंतर काहीच नाही. आज २७ नोव्हेंबर. इथे काउंटरवर विचारलं तर म्हणाले, तिकडच्या पोस्टात विचारा. बहिणीने तिकडे फोन केला तर ते म्हणाले, पाठवणाऱ्याने भारतातूनच चौकशी करायची. आता कुणाचं ऐकू? दावा करायची मुदत उलटून गेली का? पैसे मिळाले नाहीत तरी चालेल, गोधडी मिळायला हवी. आजी गेल्या वर्षी गेली.

टपालातली ३४ वर्षं

ताई, बहिणीला तिकडे जे सांगितलं ते बरोबर आहे. आंतरराष्ट्रीय टपालात पार्सल हाती पडेपर्यंत त्यावर हक्क पाठवणाऱ्याचा असतो, त्यामुळे चौकशीचा अर्जही सहसा पाठवणाऱ्यानेच आणि जिथून पाठवलं त्या देशात द्यायचा. हक्काचा हा नियम जागतिक टपाल संघाचा आहे. बहिणीला पुन्हा फोन करायला लावू नका, नववा महिना आहे तिचा.

मुदत गेलेली नाही. पार्सल टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिने मिळतात, म्हणजे तुम्हाला फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पण तेवढं थांबू नका, उद्याच जा. काउंटरवर तोंडी बोलू नका. पोस्टमास्तरांच्या नावे लेखी अर्ज द्या, त्यात ‘सीएन ०८ चौकशी काढावी’ हे शब्द असू द्या. सीएन ०८ हा चौकशीचा आंतरराष्ट्रीय फॉर्म आहे, तो एका देशाचं टपाल खातं दुसऱ्याला पाठवतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय परत फिरू नका. सोबत पावतीची झेरॉक्स आणि कस्टमसाठी भरलेल्या सीएन २३ फॉर्मची प्रत लावा. मूळ पावती कुणालाही देऊ नका.

ट्रॅकिंग नंबर नीट बघून लिहा. दोन अक्षरं, नऊ आकडे, दोन अक्षरं, असे तेरा. शेवटचा नववा आकडा आधीच्या आठांवरून गणित करून काढलेला असतो, त्यामुळे एक आकडा चुकला तरी नंबर बाद ठरतो.

आणि एक, सामानाचं वर्णन ‘गोधडी १ नग’ एवढ्यावर भागवू नका. लेबल निघालेली पार्सलं उघडून आतल्या वस्तू वर्णनाशी ताडून बघतात. रंग कोणता, काठ कसा, कोपऱ्यात काय शिवलंय, सगळं लिहा. फोटो असेल तर जोडा. पार्सल कापडात शिवलं होतं का? पत्ता कशाने लिहिला होता?

नेकारकाठी

मी श्टुटगार्टजवळच राहते. अर्ज द्याच, पण तोवर बहिणीला दोन गोष्टी विचारा.

एक म्हणजे दारावरच्या बेलवर आणि पत्रपेटीवर कोणतं आडनाव आहे? जर्मनीत इमारतींना सहसा फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन बेलवरचं आडनाव वाचून सामान देतो. तुम्ही माहेरच्या नावाने पाठवलं असेल आणि बेलवर फक्त नवऱ्याचं आडनाव असेल तर ‘पत्त्यावर अशी व्यक्ती नाही’ म्हणून पार्सल परत जातं. माझ्या आईच्या राखीचं असंच झालं होतं. तेव्हापासून मी दोन्ही आडनावं लावली आहेत.

दुसरं, त्सोलाम्टचं, म्हणजे कस्टम कार्यालयाचं पत्र आलं होतं का? युरोपीय संघात खासगी भेटवस्तूला ४५ युरोंपर्यंत कर नाही. किंमत त्यावर गेली किंवा फॉर्मवर नुसतं ‘फूड’ असं मोघम लिहिलं तर पार्सल अडवून पत्र पाठवतात. ठरलेल्या दिवसांत कुणी गेलं नाही तर ते परत पाठवतात. तुपाची मात्र मला काळजी वाटते. युरोपबाहेरून टपालाने दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे.

पिंपळपान

भरपाईचा हिशोब सांगतो, कारण लोक भलत्या आशेवर राहतात. साधं पार्सल हरवलं तर टपाल संघाच्या नियमात कमाल भरपाई ४० एसडीआर अधिक दर किलोला साडेचार. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक, त्याचा भाव नाणेनिधी जाहीर करतो. तुमच्या ६ किलोला ६७ एसडीआर ही वरची मर्यादा. मात्र वस्तूची खरी किंमत त्याहून कमी असेल तर तेवढीच मिळते. पूर्ण हरवलं तर पाठवणावळही परत मागता येते, ती मागायला विसरू नका. विमा उतरवलेलं पार्सल असेल तर विम्याच्या रकमेपर्यंत. मनाला झालेलं नुकसान यात कुठेच धरत नाहीत. कस्टमने जप्त केलं किंवा आत निषिद्ध वस्तू निघाली तर भरपाई नाही, म्हणून तुपाचं आधी स्पष्ट करून घ्या.

खासगी कुरिअरला हे नियम लागू नाहीत. विमानाने आलेला माल खराब निघाला तर विमान वाहतुकीच्या मॉन्ट्रियल करारानुसार मिळाल्यापासून १४ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. भारत त्यात २००९ पासून आहे.

कोथरूडकर

फुटलेल्या सामानाबद्दल माझ्याकडून एक. दादाने लीड्सहून चहाचा सेट पाठवला होता. खोक्याचा एक कोपरा चेपलेला दिसत होता, तरी मी सही केली. आत सहापैकी चार कप फुटलेले. काचा लागतील म्हणून खोकं, थर्माकोल सगळं त्याच दिवशी टाकून दिलं. दादाने दावा केला तेव्हा पोस्टाने खोक्याची तपासणी मागितली, आणि दाखवायला काही नव्हतं. पार्सल बिनतक्रार घेतलं की ते नीट मिळालं असंच धरतात. म्हणून खोकं चेपलेलं दिसलं तर सही करण्याआधी तसा शेरा लिहा, पोस्टातच उघडून लेखी अहवाल करून घ्या, आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत खोकं, भरण, सुतळीसुद्धा ठेवा. तो सेट आईच्या साठीसाठी होता. दोन कप अजून वापरतो.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीशी बोलले. बेलवर फक्त नवऱ्याचं आडनाव आहे, आणि मी पार्सलवर माहेरचं लिहिलं होतं! कस्टमचं पत्र आलं नाही म्हणते, पण त्याच नावाने आलं असेल तर तेही परत गेलं असेल.

काका, पार्सल पांढऱ्या मांजरपाटात शिवलं होतं, पत्ता पेनने कापडावरच लिहिला होता. दिवस ऑगस्टचे, धो धो पाऊस. आत पत्त्याची चिठ्ठी ठेवली नव्हती. फॉर्मची कार्बन प्रत सापडली. त्यात तूप लिहिलेलं नाही, नुसतं ‘फूड आयटम्स’.

टपालातली ३४ वर्षं

मग अर्जात दोन्ही आडनावं लिहा, आणि तूपही लिहा. लपवून दावा टिकत नाही. तुपामुळे भरपाई नाकारू शकतील, पण शोध थांबत नाही, आणि तुम्हाला गोधडीच हवी आहे. त्या कार्बन प्रतीवर खाली पाठवणाऱ्याच्या सूचनांचा रकाना असतो. पार्सल देता आलं नाही तर परत पाठवा की सोडून द्या, यातल्या कशावर खूण केली होती ते बघून सांगा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

कृष्णाकाठ

बघितलं. ‘परत पाठवा’वर खूण आहे, पुढे विमानाने नाही, जहाजाने.

टपालातली ३४ वर्षं

म्हणजे ते कदाचित परत यायला निघालंही असेल. जहाजाने यायला महिने लागतात आणि परतीच्या वाटेवर ट्रॅकिंगमध्ये नोंद पडेलच असं नाही. अर्जात ‘पार्सल परतीच्या मार्गावर असल्यास कळवावे’ हे वाक्य घाला. उत्तराला दोन महिने धरा. नाहीच आलं तर सरकारच्या सीपीग्राम्स तक्रार पोर्टलवर अर्जाचा शिक्का आणि तारीख देऊन नोंदवा. आणि तुमच्या पत्त्यावर पार्सल आलं तर कुणीतरी घरात असू द्या.

कृष्णाकाठ

आज सकाळी अर्ज दिला. शिक्का मिळाला, तक्रार क्रमांकही मिळाला. वर्णनात लिहिलं: निळ्या आणि वांगी रंगाचं इरकल, लाल काठ, सगळीकडे पांढरा धावदोरा, एका कोपऱ्यात आजीच्या चोळीच्या खणाचा चौकोनी तुकडा. फोटो आईच्या फोनमध्ये होता, शिवताना काढलेला. आई घरीच असते दिवसभर. पोस्टमनला सांगून ठेवलंय.